शेतातला ठेवा आणि सातबारा

वेळणेश्वरला येणारा माणूस देवाकडे देव सोडून बाकी सगळं मागतो. मुलाची नोकरी, मुलीचं जमणं, पुण्यातल्या फ्लॅटचा रखडलेला ताबा, आणि अलीकडे अमेरिकेचा व्हिसा. कितीतरी गोखले, गाडगीळ घराण्यांचा हा कुलदेव, त्यामुळे कुलाचाराला येणाऱ्यांची ये-जा बाराही महिने चालू. पावसाळ्यात तुरळक, महाशिवरात्रीला तोबा गर्दी. अभिषेक उरकून, पायांची वाळू झटकून माणसं आमच्याकडे जेवायला येतात आणि पहिला भात वाढेपर्यंत मला कळलेलं असतं, कुणी काय मागून आलंय ते. व्हिसावाल्याचा फोन पानाशेजारी सुलटा ठेवलेला असतो. स्थळ मागून आलेली बाई आमटी वाढून घेताना आमच्या पुतण्याचं शिक्षण विचारते. फ्लॅटवाला काहीच बोलत नाही, नुसता ताक पितो.

मी काही वेगळी नाही. आंब्याला मोहोर आला की माझी प्रार्थना थेट हवामान खात्याच्या अखत्यारीत शिरते. शंकर भोळा म्हणून चाललंय. दुसरा कुणी असता तर आतापर्यंत सगळ्यांचे अर्ज त्रुटी काढून परत पाठवले असते.

दुसरी मंडळी येतात ती जमीन बघायला. त्यांना समुद्र दिसणारे दहा गुंठे हवे असतात. त्यांचं देवाशी फारसं काम नसतं, भाऊशी असतं. भाऊ आमच्याच वाडीतला. मुंबईत नोकऱ्या करून कंटाळून परत आला आणि आता जमिनींचे व्यवहार जुळवतो. तोंडावर लोक त्याला इस्टेट एजंट म्हणतात, पाठ वळली की दलाल. मुलगा गुणाचा आहे. आमच्या आगरावर त्याचा डोळा आहे हे आम्हांला ठाऊक, आम्ही विकणार नाही हे त्याला ठाऊक, आणि तरी पडवीत बसून चहा होतोच. तसं आमच्या गुहागर तालुक्याला जमिनीतून उगवणाऱ्या श्रीमंतीचं नवल उरलेलं नाही. अंजनवेलला एनरॉन आली तेव्हा इथल्या माणसांनी डॉलरची स्वप्नं पाहिली, काहींनी मोर्चे काढले, काहींनी दोन्ही केलं. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिकडे अमेरिकेत कंपनीनंच दिवाळं काढलं. तेव्हापासून ‘कायमचं’ हा शब्द उच्चारणाऱ्याकडे तालुका जरा संशयानं बघतो.

या दोन गर्दींच्या मधोमध आमच्या सासूबाई झोपाळ्यावर बसून लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचतात.

पुन्हा पुन्हा वाचतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी भिंग घेऊन वाचायच्या, आता नुसत्या चष्म्यानं. त्यांना या पुस्तकाचं एवढं का, तर त्यांचं माहेर गोखल्यांचं, आणि लक्ष्मीबाईही माहेरच्या गोखलेच. १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेली मनकर्णिका गोखले. तेवढ्या धाग्यावर सासूबाईंनी तिला माहेरची करून टाकलंय. “आमची मनकर्णिका” असंच म्हणतात. नारायण वामन टिळकांना मात्र “तुमचा टिळक” म्हणतात, जणू मीच त्याला स्थळ म्हणून सुचवला होता. मी म्हणते, “आई, ते आपल्याच जिल्ह्यातले. दापोलीकडच्या करजगावला जन्मले १८६१ मध्ये. इकडून निघालं तर धोपाव्याची फेरीबोट, पलीकडे दाभोळ, की पुढे दापोली.” त्या म्हणतात, “म्हणूनच म्हणते, तुमचा.”

टिळकांची गोष्ट ठाऊक असलेले पुष्कळ असतील, पण सासूबाईंच्या तोंडून ऐकली की ती वेगळी लागते. विद्वान माणूस. संस्कृत उत्तम, कविता हातात खेळणारी. नागपूरला आप्पासाहेब बुटींच्या आश्रयानं ‘ऋषी’ नावाचं मासिक काढलं. एका जागी बूड टिकलं नाही. १८९३ मध्ये नोकरीसाठी राजनांदगावला निघाले, तर रेल्वेच्या डब्यात एक गोरा भेटला. बोलता बोलता त्यानं बायबल हातात दिलं आणि सांगितलं, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल.

इथं सासूबाई पुस्तक मिटतात. “आपण गुहागरच्या एसटीनं इतक्यांदा गेलो, आपल्याला कुणी दिलंय काही?”

दिलंय की. एकदा एका गृहस्थांनी विमा पॉलिसीचं पत्रक दिलं होतं, आणि तेही मरणोत्तर लाभाचंच होतं. पण मी बोलले नाही.

दोन वर्षं पुरी व्हायच्या आतच, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घरी सांगितलं नव्हतं. बायकोला नंतर कळलं, इतरांकडून. ती सत्ताविशीची, पदरात लहान दत्तू. मग सुमारे पाच वर्षांची ताटातूट. नातेवाइकांच्या घरी, पंढरपुरात, नाशकात तिचे दिवस गेले. तिकडे टिळक नगरला, अमेरिकन मराठी मिशनमध्ये, प्रभूच्या चरणी सुखात.

“सुखातच तर!” सासूबाई म्हणतात. “देव भेटला त्याला, आणि लोकांची बोलणी खायला ही.”

देवभक्तीसाठी संसारावर पाणी सोडणाऱ्या पुरुषांची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. त्यांचे अभंग आपण गातो, पादुका पूजतो. ज्या घरावर पाणी सोडलं ते घर पुढे कुणी पुसून काढलं, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. तुकोबांच्या घरच्या बाईला तर आपण चारशे वर्षं कजाग ठरवून मोकळे झालोय. टिळकांचं वेगळेपण एवढंच की त्यांच्या घरचा हिशेब लिहायला कुणीतरी बसलं, आणि बसलं ते असं की शाळेत कधी गेलं नव्हतं, अक्षरं नवऱ्याकडूनच शिकलं होतं. हिशेब तोही न रडता लिहिला. उलट वाचणाऱ्याला हसवून हसवून. घरात दमडी नसताना दारी आलेल्याला खिसा उपडा करून देणारा नवरा, रागावला की घर डोक्यावर घेणारा, निवळला की लहान मुलासारखा रडणारा. त्याच्या भक्तीबद्दल तिच्या मनात शंका नाही. त्याच्या हाती बाजारहाट सोपवण्याबद्दल मात्र आहे.

एका दुपारी वीज गेलेली आणि भाऊ पडवीत अडकलेला. बाहेर ऊन मी म्हणत होतं. सासूबाईंनी त्याला टिळकांची गोष्ट सांगायला घेतली. भाऊनं मधेच विचारलं, “पण आजी, एवढं काय सापडलं त्यांना त्या पुस्तकात?”

प्रश्न सरळ होता आणि घरात त्याचं उत्तर होतं. सासूबाईंच्या वडिलांचं पोटाचं ऑपरेशन मिरजेच्या मिशन इस्पितळात झालं होतं. डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेलं ते इस्पितळ. घाटाखालची कितीतरी माणसं तेव्हा बरी व्हायला मिरजेलाच जात. तिथं डॉक्टर आधी डोळे मिटून प्रार्थना करत आणि मग सुरी हातात घेत, याचं आमच्या आजेसासऱ्यांना जन्मभर अप्रूप. “आपले वैद्य आधी फी सांगतात,” असं म्हणायचे म्हणे. येताना त्यांना तिथून मराठी नव्या कराराची छोटी प्रत मिळाली. छापलेला कागद टाकायचा नाही म्हणून ती पंचांगाच्या पेटीत राहिली आणि सासूबाईंबरोबर या घरी आली. “वडील वाचायचे का?” मी एकदा विचारलं होतं. “वाचायचे तर. पण पुढचं दार लावून.”

मी ती प्रत काढली आणि मत्तयातली शेताची गोष्ट भाऊला माझ्या शब्दांत सांगितली. एका माणसाला एका शेतात पुरलेला ठेवा सापडतो. तो ठेवा परत बुजवून ठेवतो, आनंदाच्या भरात घरी जातो, असेल नसेल ते सगळं विकतो आणि ते शेत विकत घेतो. देवाचं राज्य असं आहे, म्हणे.

भाऊ सावरून बसला. इतकी वर्षं पडवीत येतोय, पण असा चेहरा मी पाहिला नव्हता. कुणीतरी अखेर त्याच्या विषयावर बोललं होतं.

“शेत कुणाच्या नावावर होतं?”

“दुसऱ्याच्या.”

“आणि ठेव्याचं मूळ मालकाला सांगितलं नाही?”

“तसं दिसत नाही.”

“मग हा आमच्यातलाच की!” भाऊ खूश झाला. “पण काकू, त्यानं चूक केली. सगळं विकून रोख नाही द्यायची. आधी विसार द्यायचा, साठेखत करायचं, सातबारा बघायचा. इतर हक्कात कुणाचं नाव निघालं म्हणजे? बहीण निघते ना शेवटच्या क्षणी! मग ठेवाही गेला आणि घरही गेलं.”

आम्ही हसलो खऱ्या, पण रात्री भांडी आवरताना माझ्या मनात भाऊचंच बोलणं घोळत राहिलं. इतर हक्कात कुणाचं नाव होतं? त्या माणसानं असेल नसेल ते विकलं. त्या ‘असेल नसेल’मध्ये बायकोची भांडी असणार, मुलांची अंथरुणं असणार, आईच्या पाटल्या असणार. गोष्टीत त्यांचा उल्लेख नाही. त्यांची सही घेतलेली नाही. आणि गोष्ट म्हणते, त्यानं हे आनंदानं केलं. आनंदानं करणारच, ठेवा त्यानं डोळ्यांनी पाहिला होता! बायकोनं कुठे पाहिला होता? तिला एवढंच दिसलं की सकाळी बरा असलेला नवरा दुपारी तपेली विकायला निघाला.

ठेवा दिसलेल्याला त्याग करावा लागतच नाही. जो जातो तो सौदा करून जातो, आणि नफ्यातला सौदा. टिळकांनी काय गमावलं असं त्यांना विचारलं असतं तर त्यांना प्रश्नच कळला नसता. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत पोचलो, अशा अर्थाचं ते सांगत. पुलावरून चालताना पायांत काय होतं आणि काठावर कोण राहिलं, हे बघायला त्यांनी मान वळवली नाही.

बरं, विकायला होतं काय त्यांच्याजवळ? त्यांनी ऐहिक संपत्ती सोडली असं लिहिणाऱ्यांची मला गंमत वाटते. आमच्या कोकणातल्या भिक्षुकी घरांतून ऐहिक संपत्ती म्हणजे चार फणस, एक गाय आणि भाऊबंदकीतला दावा. ती कुणीही सोडेल. टिळकांनी जी सोडली ती दुसरीच मालमत्ता होती. पंगतीतली जागा. श्राद्धाला बोलावणं. वाटेत भेटल्यावर “कधी आलात?” असं विचारणारी माणसं. या वस्तू कुठल्या सातबाऱ्यावर चढत नाहीत, पण विकायला काढून बघा, हात थरथरतो. गळ्यातला गोफ देवाला वाहणारी माणसं मी इथं देवळात पाहिली आहेत. पंगतीतलं पहिलं पान देवाला वाहणारा अजून पाहिला नाही.

आणि इथंच मनकर्णिका नवऱ्याच्या पुढे गेली असं माझं मत आहे. सासूबाईंना हे मत पटलेलं आहे, कारण त्यात गोखल्यांची सरशी होते.

तिच्या वडिलांचं सोवळं ‘स्मृतिचित्रे’च्या सुरुवातीलाच येतं, आणि वाचताना हसू दाबणं कठीण जातं. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात घ्यायचा नाही. धान्य धुवायचं हे समजू शकतं, पण मीठ आणि साखरही सुटली नाही! धुतलेल्या मिठाचं पुढे काय होतं हे सांगायला रसायनशास्त्र लागत नाही. पण या वेडाच्या मुळाशी १८५७ च्या धामधुमीत सासऱ्याला झालेल्या फाशीचा धक्का होता, हे कळल्यावर हसू ओठांवरच राहतं. माणसाचं सगळं जग एका दिवशी विटाळलं, आणि तो उरलेला जन्म ते धूत बसला.

अशा बापाची लेक नगरला नवऱ्याकडे परतली ती सोवळ्यासकट. नवरा ख्रिस्ती, शेजार ख्रिस्ती, आणि ही आपली चूल वेगळी, पाणी वेगळं सांभाळून. टिळकांनी, एवढ्या रागीट माणसानं, तिच्यावर जबरदस्ती केली नाही, हे त्यांच्या बाजूनं नोंदवायलाच हवं. तिच्या सोवळ्याची त्यांनी सोय करून दिली आणि वाट पाहिली. मग कुणी उपदेश न करता, स्वतःशीच विचार करता करता तिच्या मनानं निकाल दिला, की जात ही माणसाची करणी आहे, देवाची नव्हे. निकाल लागल्यावर ती कुणाच्याही हातचं खायला मोकळी झाली. १९०० साली तिनं स्वतः बाप्तिस्मा घेतला.

म्हणजे तिला तिचा ठेवा सापडला, तिच्या शेतात, तिच्या वेळी. आणि तिनं जे विकलं ते तिचं स्वतःचं होतं. सोवळं ही त्या काळच्या बाईची एकमेव इस्टेट. घर नवऱ्याचं, दागिने सासरचे, मुलं कुळाची. पण ओलेत्यानं स्वयंपाकघरात शिरल्यावर तिथं तिचं राज्य. नवऱ्यालाही हुकूम करता येई, “शिवू नका!” ते राज्य सोडणं म्हणजे काय, हे टिळकांना कळणं शक्य नव्हतं. सासूबाईंना कळतं. कारण त्यांनीही ऐन उमेदीत ते भोगलंय, आणि आमच्याकडे पर्यटक जेवायला येऊ लागले तेव्हा सोडलंय. पहिल्या वर्षी त्या आतल्या खोलीत बसून राहायच्या. दुसऱ्या वर्षी मोदकाच्या पाऱ्या करायला बाहेर आल्या, कारण माझ्या पाऱ्या त्यांना बघवेनात. आता कोण जेवतंय हे त्या विचारत नाहीत, किती जेवतायत एवढंच विचारतात. हे देवासाठी केलं असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. पानामागे पैसे मिळतात म्हणून केलं, असं स्वच्छ सांगतात. सोवळं सोडायची कारणं वेगवेगळी असतात. पान मात्र सारखंच वाढलं जातं.

पुढे टिळक पतिपत्नीच्या पंक्तीला तरी कोण नव्हतं? दुष्काळानं, प्लेगानं पोरकी झालेली मुलं होती. खानदेशातला त्र्यंबक ठोमरे नावाचा एक हळवा पोरगा होता, ज्याला महाराष्ट्र पुढे बालकवी म्हणाला. त्याचे हट्ट लक्ष्मीबाईंनी पुरवले, रुसवे काढले. एका ख्रिस्ती उपदेशकाच्या घरात मराठी निसर्गकवितेचं बालपण गेलं, आणि जेवायला काय असेल याची चिंता करणारी एकच बाई होती.

पंडिता रमाबाईंचं नाव काढल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, पण सासूबाई त्यांच्याबद्दल फार बोलत नाहीत. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो निराधार बायका-मुली सांभाळता सांभाळता या बाईनं हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, तिथल्याच मुलींकडून छापून घेतलं, आणि १९२२ मध्ये काम हातावेगळं होतंय तोच डोळे मिटले. “तिला कोण नावं ठेवणार?” सासूबाई म्हणतात. नावं ठेवता येत नाहीत अशा माणसावर आमच्या ओटीवर फार वेळ चर्चा चालत नाही.

उलट दापोलीच्या मिशन शाळेवर मात्र त्या खुलतात. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे भारतरत्न पांडुरंग वामन काणे त्या मिशनच्या शाळेतून मॅट्रिक झाले, आणि साने गुरुजींनीही दापोलीला मिशनच्याच शाळेत धडे गिरवले. पाद्री शाळा काढायला आले ते ख्रिस्ताची ओळख करून द्यायला. आमच्या कोकणी पोरांनी इंग्रजी घेतलं, गणित घेतलं, प्रार्थनेला हात जोडून उभे राहिले आणि बाहेर पडून धर्मशास्त्राचे खंड लिहिले. “आपली माणसं शेत घेतात आणि ठेवा तिथंच ठेवून येतात,” यावर भाऊचं म्हणणं पडलं. भाऊ आताशा अशी वाक्यं टाकतो.

श्रीमंत माणूस स्वर्गात जाण्यापेक्षा उंट सुईच्या नेढ्यातून जाणं सोपं, हे वाक्य सासूबाईंना पुष्कळ वर्षं नुसतं पाठ होतं. उंट त्यांनी पाहिलाच नव्हता. मग गणपतीपुळ्याला गेलो असताना वाळूवर पर्यटकांना फिरवणारा उंट त्यांनी जवळून पाहिला. त्याच्याकडे वर बघत त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. “अगो, हा कसला जातोय!” एवढंच म्हणाल्या. त्याच्या पाठीवर त्या वेळी पुण्याचं एक कुटुंब बसलं होतं आणि खाली उभ्या असलेल्या काकांना फोटोत उंट पूर्ण बसत नव्हता.

टिळकांनी शेवटी पुन्हा एकदा सगळं विकलं. सासूबाई हे पान आलं की मोठ्यानं सुस्कारा टाकतात. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला, ख्रिस्ती संन्यासी झाले, आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा करायला घेतला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्या दरबारात जागा. चर्चच्या नियमांत राहून इथला माणूस ख्रिस्ताजवळ जायला लाजतो, असं त्यांना दिसलं होतं. टाळ-मृदंग, कीर्तन, ओवी, अभंग, सगळं त्यांनी ख्रिस्ताच्या पायी वाहिलं आणि मराठी चर्चमध्ये आजही त्यांची भजनं म्हटली जातात. पण पगार!

“साठीला टेकलेला माणूस. पेन्शन नाही, काही नाही. आणि निघाला दरबार भरवायला.”

“आई, त्यांनी ठेवा पाहिला होता.”

“मग दोनदा कशाला विकायचं? एकदा घेतलं ना शेत?”

याला मत्तयात उत्तर नाही. मी म्हटलं, कदाचित पहिल्यांदा जात विकली होती, पगार शिल्लक होता. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “आणि बायको?”

दोन वर्षांत, ९ मे १९१९ ला, टिळक मुंबईत गेले. दहनच करावं अशी त्यांची इच्छा होती, तसं झालं, आणि अस्थी नगरला नेल्या. एवढ्या एका गोष्टीसाठी सासूबाईंनी त्यांचे बरेच अपराध पोटात घातलेत.

मी रात्री कधीतरी माझाही सौदा मांडून बघते. माझ्यापुढे तसला ठेवा आला, म्हणजे ज्याच्यापुढे सगळं फिकं वाटेल असा, तर मी काय विकेन? आगर? वाईट वाटेल, पण भाऊ आहे. पाटल्या? त्या तशाही बँकेत असतात, मला भेटत नाहीत. रत्नागिरीच्या मुलाकडे जायची ओढ? तीही कमी करता येईल. मग येते देवळातली ती जागा. उत्सवात “मोठ्या सूनबाई, तुम्ही आधी,” म्हणून माझ्याकडे आरतीचं ताट येतं ना, ती. दर वर्षी मी “अहो, तुम्ही घ्या” म्हणते आणि हात आधीच पुढे केलेला असतो. तिच्यापाशी आलं की माझा हिशेब अडतो. मग मी झोपते.

परवा सासूबाईंना नवी माहिती लागली. नवी म्हणजे त्यांना नवी. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ नावाचं ख्रिस्तचरित्र ओव्यांमध्ये लिहायला घेतलं होतं. फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापलं, त्याच वाटेवरचं, पण इथल्या हाडाच्या कवीनं लिहिलेलं. दहा-अकरा अध्याय झाले आणि टिळक गेले. पुढचे साठाच्या वर अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले.

हे मी वाचून दाखवलं तेव्हा भाऊ पायरीवर बसून चहा ओतत होता. सासूबाई आधी काही बोलल्या नाहीत. मग झोपाळा थांबवून म्हणाल्या, “बघितलंस? इथंही अर्धवट टाकून गेला. निस्तरलं कुणी, तर आमच्या मनकर्णिकानं.”

“पण आजी,” भाऊ म्हणाला, “साठ अध्याय काय कुणी निस्तरायला लिहीत नाही. तिलाही सापडलं असणार काहीतरी.”

सासूबाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. आगराला किती घ्याल असं त्यानं विचारल्यावरही त्यांनी त्याच्याकडे इतकं नीट कधी बघितलं नव्हतं. मग कनवटीचा बटवा काढला, नोटा मोजल्या, परत मोजल्या.

“तू पुण्याला जातोयस ना शुक्रवारी? आप्पा बळवंत चौकात विचार ‘ख्रिस्तायन’ मिळतं का. मिळालं तर घेऊन ये.”

“आणतो की.”

“आणि हे बघ, पुस्तकच आण. नाहीतर वाटेत कुणी दीनवाणा भेटला, त्याला पैसे दिले, असलं मला येऊन सांगू नकोस. एक टिळक पुरे झाला.”